नाव द्यायचा शनिवार

अनसिंग, जि. वाशीम
६ जानेवारी २०२५

चि. योगिनीस,
आत्याचा सलाम.

नाताळला तू आली नाहीस. फोन केला तर म्हणालीस, आत्या, रेंज नाही. नाशिकला रेंज नाही आणि इथं धुऱ्यावर शेळ्या राखणारा लखीराम दिवसभर व्हिडिओ बघत बसतो, हे मला काही पटलं नाही. म्हणून आता पत्र लिहायचं ठरवलं आहे. फोन तू मध्येच बंद करतेस. पत्र बंद करून दाखव.

सरळ मुद्द्यावर येते. मंजूला माती दिली त्या दिवसापासून तू चर्चमध्ये पाऊल टाकलेलं नाहीस. ना इथं, ना नाशिकला. मी चौकशी केली आहे, तेव्हा थापा मारू नकोस. लेक गेल्यावर आईचं काय होतं हे आत्याला काय कळणार, असंही म्हणू नकोस. अंगणवाडीत मी गावाची लेकरं सांभाळली, स्वतःचं झालं नाही म्हणून तुलाच लेक मानलं. त्याच हक्कानं बोलते आहे.

इथलं म्हणशील तर मागच्या वादळात चर्चचे टिन उडाले होते, ते रहमतुल्लानं वेल्डिंग करून बसवून दिले. घंटा म्हणून मी अजूनही तो रुळाचा तुकडाच बडवते. परवा जरा उशीर झाला तर रहमतुल्ला दुकानातून ओरडला, ‘बाई, आज तुमचा देव झोपला काय?’ मी म्हटलं, ‘देव नाई, मीच झोपली होती.’ आपले ल्यूथरन म्हणवणारे लोक आता दोन बाकांत मावतात, आणि त्यातले निम्मे खोकत असतात. तरी मी घंटा जोरातच वाजवते.

यंदा ईस्टरला ये. ही विनंती नाही.

तुझी,
वैजयंती आत्या


नाशिक
२१ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,
सलाम.

पत्र मिळालं. बंद केलं नाही, दोनदा वाचलं. तरीही मी येणार नाही.

का ते तुला ठाऊक आहे, तू माझ्या शेजारीच उभी होतीस. मंजू एक दिवस जगली. तिची पेटी खाली सोडली, लोक मूठमूठ माती टाकत होते, आणि जानरावकाका माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘इश्वासात कमी पडली असशीन, पोरी.’ चर्चच्या मंडळीचे पंच ते! त्यांच्यामागे उभ्या असलेल्या कुणीही तोंड उघडलं नाही. वाशीमच्या दवाखान्यात परतताना गाडीत हरीओमनं मला विचारलं, ‘हे तुझ्या देवाचं म्हणणं आहे का?’ माझा नवरा असला तरी तो हिंदू घरातला, त्याला आपल्यातलं काही माहीत नाही, म्हणून त्यानं साधंच विचारलं होतं. तो प्रश्न आजही माझ्यापाशी तसाच आहे.

आणि मी देव सोडलेला नाही. लॅबमधून आले की फोनवर प्रवचन लावते. कितीतरी चांगले बोलणारे आहेत. गाणी सुरेल असतात, कुणी खोकत नाही, आणि मुख्य म्हणजे तिथं जानरावकाका नसतात. मला जे हवं ते घरबसल्या मिळतं. मग दोन बाकांच्या त्या चर्चमध्ये मी कशासाठी यावं ते तूच सांग. ‘चांगल्या घरच्या मुली उपासना चुकवत नाहीत’ हे सोडून दुसरं काही असेल तरच लिही.

तुझी,
योगिनी


अनसिंग
२ फेब्रुवारी २०२५

चि. योगिनीस,
सलाम.

आज रविवार. उपासनेवरून आले, भाकरी टाकली आणि लिहायला बसले. चांगल्या घरच्या मुलींचं मी कधी बोलले? चांगल्या लोकांसाठी ती जागा असती तर मलाच कुणी आत घेतलं नसतं.

आधी हरीओमचं. त्याला सांग, नाही. ते देवाचं म्हणणं नव्हतं. आणि ते त्याला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त माहीत असायला हवं, कारण दवाखान्यात पाण्याची वाटी त्यानंच धरली होती. डॉक्टरांनी हात टेकले, चर्चच्या पाळकांना यायला उशीर होता. अशा वेळी बाप्तिस्मा कुणीही द्यावा अशी आपल्याकडे मुभा आहे, म्हणून मी दिला. त्या मुठीएवढ्या लेकरानं देवाला काय दिलं होतं? तिनं डोळेही धड उघडले नव्हते. तिचा विश्वास किती, तिच्या आईचा किती, असं कुणी मोजलं का? पाणी पडलं, नाव घेतलं आणि ती त्याची झाली. जानरावांचं माप तिथं कुठेच लागत नाही.

आता तुझा प्रश्न. अगं, आपण चर्चला देवावर उपकार करायला जात नाही. आपण गेलो नाही म्हणून त्याचं काही अडत नाही. आपण घ्यायला जातो. आठवडाभर मी किती जणींना टाकून बोलते, किती जणांचं वाईट चिंतते, ते मलाच माहीत. घरी बसून मी स्वतःला सांगू शकते, जाऊ दे वैजयंती, तुझं माफ. पण त्यावर माझाच विश्वास बसत नाही, कारण मी स्वतःला चांगली ओळखते. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं. पाळक पुढं उभे राहतात, माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. ते स्वतःच्या मनचं बोलत नाहीत, त्यांना बोलायला लावलेलं आहे. नंतर भाकर हातावर ठेवतात आणि म्हणतात, तुझ्यासाठी. जगासाठी वगैरे नाही, तुझ्यासाठी. तुझ्या फोनमधला पाळक किती का गोड बोलेना, त्याला तू तिथं बसली आहेस हेच माहीत नाही. त्याच्या हातून तुझ्या हातावर काही पडत नाही. आणि तो टोचायला लागला की तू त्याला बंद करतेस, जसं मला करतेस.

तू म्हणशील, माझं मन लागत नाही. न लागो. माझंही कुठं लागतं? आज अर्धी उपासना मी तुरीच्या शेंगांचा विचार करत होते. तरी मिळायचं ते मिळालं.

ईस्टरला प्रभुभोजन आहे, तीच भाकर आणि द्राक्षरसाचा पेला. आधीच्या आठवड्यात, शनिवारी, पाळकसाहेब रिसोडहून मोटारसायकलवर येतात आणि ज्यांना भोजन घ्यायचं आहे ते जाऊन आपलं नाव देतात. वहीबिही नसते, तोंडी. कुणाशी वाकडं असेल तर तेव्हा बोलून घ्यायचं, मग नाव द्यायचं. लहानपणी तू माझ्या पदराला धरून यायचीस ते आठवत असेल. यंदा दोघी जाऊ.

तुझी,
आत्या


नाशिक
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

मंजूच्या बाप्तिस्म्याचं वाचून हरीओम बराच वेळ गॅलरीत उभा होता. मग आत येऊन म्हणाला, ‘तुझी आत्या भांडखोर आहे, पण खरं बोलते.’ हे मी तुला कळवणार नव्हते, पण त्यानं कळवायला सांगितलं.

आता माझं ऐक. नाव द्यायचा शनिवार मला चांगला आठवतो. ज्याचं कुणाशी वाकडं आहे त्यानं आधी ते नीट करायचं, असंच ना? मग मला सांग, जानरावकाका नाव देतात की नाही? देतातच. पंच आहेत, पहिलं नाव त्यांचंच असणार. गेल्या दोन वर्षांत त्यांनी मला एक फोन केलेला नाही. माझ्याशी काय नीट केलं त्यांनी? म्हणजे तुमची ती रीत नुसती दाखवायची!

आणि तू? तू त्यांच्या शेजारी गुडघे टेकतेस. ज्या तोंडानं माझ्या लेकीच्या खड्ड्यापाशी ते वाक्य म्हटलं, त्या तोंडाला लागलेला पेला पाळक पुसतात आणि तुझ्या ओठाला लावतात. तू पितेस. ‘माझी योगिनी, माझी योगिनी’ म्हणतेस आणि पितेस. हे तुला कसं जमतं, एवढंच मला विचारायचं आहे. बाकी कशाचंही उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, याचं दे.

योगिनी


अनसिंग
१ मार्च २०२५

चि. योगिनीस,
सलाम.

पत्र पोचलं. हरीओमला माझा सलाम. भांडखोर म्हणाला त्याचा राग नाही.

इकडे तुरी झाल्या, हरभरा काढायला आला आहे. ऊन आतापासूनच डोक्यावर बसतं. परवा लखीरामची शेळी चर्चमध्ये शिरली आणि वेदीवरची झेंडूची फुलं खाऊन गेली. मी काठी घेऊन धावले तर म्हणतो कसा, ‘बाई, तुमच्याच देवाच्या घरी जेवली, कायले मारता?’ मी हसले नाही, पण घरी येऊन हसले. बुधवारपासून उपवासकाळ सुरू होतो. यंदा मी गोड सोडणार आहे, चहातलं सुद्धा.

पेल्याचं विचारलंस. पेला पितळेचा आहे, आतून कल्हई केलेली. दर वर्षी वाशीमहून करून आणतो.

जानराव नाव देतात की नाही हा त्यांचा आणि पाळकसाहेबांचा प्रश्न. पाळक कुणाचं ऐकलेलं दुसऱ्याला सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. तू मात्र एक लक्षात घे. चर्चमध्ये वाईट माणूस बसला आहे म्हणून मी जाणार नाही, असं म्हणणं म्हणजे दवाखान्यात आजारी माणसं आहेत म्हणून मी जाणार नाही, असं म्हणणं. तू तर लॅबमध्ये काम करतेस.

ईस्टरचं काय ठरवलंस ते कळव.

तुझी,
आत्या


अनसिंग
२४ मार्च २०२५

योगिनी पोरी,
जानराव काकाचा सलाम.

मले तुह्या आत्यासारखं लिहिता येत नाई. जसा बोलतो तसंच लिहून राह्यलो. तुहा पत्ता पाळकसाहेबाकडून घेतला. हे पत्र धाडल्याचं तुह्या आत्याले माईत नाई. तिले सांगशीन तर ते मले त्या रुळाच्या तुकड्यानंच हानीन.

तुह्या लेकराच्या मातीत मी जे बोललो ते खोटं होतं. मले तवा समजलं नाई. मंग पाळकसाहेब माह्या घरी आले अन् म्हने, जानराव, तुमी देवाच्या तोंडी खोटं घातलं. मले लय राग आला. मी त्यायले चहाबी पाजला नाई. कईक दिवस रातच्याले झोप लागे नाई. माहा इंद्रभान तापानं गेला तवा तो शाळेत जाये. त्या टायमाले एका मोठ्या मानसानं मले असंच म्हनलं होतं, का तुही प्रार्थना कमी पडली. मी ते खरं धरलं. जिंदगीभर खरं धरलं. तेच तुले देल्लं. माह्याजवळ दुसरं काई नव्हतं.

मंग मी पाळकसाहेबाजवळ सगळं कबूल केलं. ते म्हने, माफ झालं. अन् म्हने, आता त्या पोरीले सांगा. माफ झालं ते मी घेतलं, सांगाची हिंमत मात्र झाली नाई. तुहा नंबर लावे, तू हॅलो म्हने का मी बंद करे. कोनाचा मिसकॉल हाये मनून तू परेशान झाली असशीन, तो मीच. दर खेपेले नाव देल्लं, दर खेपेले तिथं गुडघे टेकले, तवा कुठी आज हे लिहिता आलं. तिथं गेलोच नसतो तर आजबी लिहिलं नसतं. तुले माफ कर म्हनाचा हक मले नाई. चुकलो, एवढं सांगतो.

आता दुसरी गोष्ट. तुही आत्या दर रविवारी सगळ्याइच्या आंधी येते. पयल्या बाकावर बसते. गानं इतकं मोठ्यानं म्हनते का आमाले आमचंच आयकू येत नाई. पन प्रभुभोजनाचा टाइम आला का उठून मांगच्या बाकावर जाते अन् हात बांधून बसते. तुही लेक गेली तवापासून तिनं एकदाबी नाव देल्लं नाई. लोकाइले वाटे, तब्येतीचं काई असन. मी एक दिवस इचारलं, ‘बाई, काहून वो?’ तर म्हने, ‘माही पोरगी उपाशी असतानी मी जेवत नाई.’ अन् माह्याकडे पाह्यलं.

तिचं काई कर, पोरी. माह्यानं होत नाई.

जानराव


नाशिक
२ एप्रिल २०२५

आत्या,

सलाम बिलाम काही नाही. तू लबाड आहेस.

जानरावकाकांचं पत्र आलं. हो, त्यांनी लिहिलं, आणि मी तुला सांगते आहे, काय हाणायचं ते हाण. मी पेल्याचं विचारलं तर तू मला कल्हईचं सांगितलंस! पितळ आहे म्हणे! मी मूर्खासारखी तीन आठवडे तुझ्यावर चिडून बसले, की ही बाई माझ्या लेकीला विसरली. आणि तू तिकडे मागच्या बाकावर हात बांधून.

मी खूप रडले. माझ्यासाठी कुणीतरी इतकं केलं म्हणून रडले, आणि नंतर मला त्याचाच संताप आला. कुणी सांगितलं होतं तुला? मला चर्चला ये, ये म्हणून पत्रांवर पत्रं लिहितेस. आपण द्यायला जात नाही, घ्यायला जातो, हे तुझंच वाक्य. मग घ्यायची वेळ आली की तू हात का बांधतेस? भाकर हातावर ठेवून ‘तुझ्यासाठी’ म्हणतात, हे तू मला इतकं सुंदर लिहिलंस की मी ते हरीओमला वाचून दाखवलं. आणि ते लिहिताना तुझ्या हातावर कित्येक महिन्यांत काही पडलेलं नव्हतं. जानरावकाका तरी घेत होते. तू तर माझ्या नावानं उपाशी राहिलीस आणि मला कळूही दिलं नाहीस.

आता मी काय ठरवलं ते ऐक. जानरावकाकांना मी माफ केलेलं नाही. त्यांचं पत्र वाचलं, इंद्रभानचं वाचून वाईट वाटलं, पण आतून मोकळं काही झालं नाही. कधी होईल माहीत नाही. ते त्यांना तसंच सांग.

पण एक गोष्ट डोक्यात बसली ती निघत नाही. त्या दिवशी ते मला म्हणाले, तू कमी पडलीस. ते खोटं होतं, तू म्हणतेस, पाळक म्हणतात, आता ते स्वतः म्हणतात. आणि मी काय केलं? जी कमी पडली तिनं जसं वागावं तसंच वागले. मान खाली घातली, बाहेर पडले, माझी जागा सोडून दिली. तू पण तेच केलंस. म्हणजे जो खोटं बोलला तो जेवतो आहे आणि जिच्याविषयी बोलला ती आणि तिची आत्या बाहेर. असं का म्हणून? मंजूला ज्या पाण्यानं आपलं म्हटलं त्याच पाण्यानं मलाही म्हटलं आहे. ती जागा जानरावकाकांनी दिलेली नाही, तर त्यांच्या बोलण्यानं ती जाणारही नाही. मी माझी जागा सोडणार नाही. शेजारी कोण बसतं ते मला बघायचं नाही.

मी ईस्टरला येते आहे. हरीओम सोबत येतोय. तो बाकावर बसून ऐकणार म्हणतो, गुडघे टेकणार नाही, आणि त्याला कुणी काही बोललं तर तू आहेसच.

येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी नावं घेतील ना? मला रजा मिळत नाही. तू जा आणि माझं नाव दे. आणि माझ्याआधी स्वतःचं दे. तू नाव दिलं नाहीस तर मी वाशीमच्या स्टँडवरूनच परत फिरेन, हे पक्कं समज. ही विनंती नाही.

तुझी,
योगिनी


अनसिंग
१२ एप्रिल २०२५, शनिवार

चि. योगिनीस,
सलाम.

हुकूम सोडायला लागलीस! जानरावांना मी आज सकाळी भर रस्त्यात गाठलं. रहमतुल्ला दुकान सोडून बघायला आला. मी म्हटलं, ‘माह्या पोरीले पत्र लिहाची काय गरज होती?’ ते सायकल धरून उभे राहिले आणि म्हणाले, ‘गरज होती मनून लिहिलं.’ तुझा निरोप मी जसाच्या तसा दिला, की माफ केलेलं नाही. त्यांनी मान हलवली. म्हणाले, ‘येऊन राह्यली, तेच लय झालं.’ मग मी भांडण तिथंच सोडून घरी आले, आणि असं मी सहसा करत नाही.

दुपारी चर्चमध्ये गेले. पाळकसाहेब वेदीजवळच्या खुर्चीत बसले होते, रिसोडहून येताना धुळीनं पार माखलेले. आधी दोघीजणी नाव देऊन गेल्या. मी दाराशीच थांबले. पोरी, तू लिहिलेलं सगळं खरं आहे, पण ते वाचणं सोपं आणि ती चार पावलं चालणं अवघड. मला वाटायचं, मी तुझ्यासाठी उपाशी आहे. आज दाराशी उभी असताना कळलं, मला जानरावांवरचा राग सोडायचा नव्हता आणि तो तुझ्या नावावर ठेवला होता. तरी गेले.

मी म्हटलं, ‘पाळकसाहेब, दोन नावं घ्या. एक योगिनीचं अन् एक माहं.’

त्यांनी विचारलं, ‘मन मोकळं झालं काय, बाई?’

‘नाई. जानराव दिसला का अजून डोकं तापते. अन् पोरीचंही तसंच आहे, तिनं लिहून धाडलं.’

‘मग कायले येता?’

मी पाठ करून काही नेलं नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं, ‘भूक लागली मनून.’

पाळकसाहेब उठून उभे राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते क्षमेचे शब्द म्हटले, जे मी तुला पत्रात लिहून कळवले होते आणि स्वतः दोन वर्षं मागच्या बाकावरून दुसऱ्यांना मिळताना बघत होते. या वेळी माझं नाव घेऊन म्हटले. मग म्हणाले, ‘दोघीही या.’

बाहेर येऊन मी भिंतीला टेकून लहान पोरीसारखी रडले. हे मीच सांगून टाकते, नाही तर जानराव तुला पत्र लिहितील.

तुझी,
आत्या